बारीक अक्षरातल्या दोन ओळी

उकर्डा मिस्त्रींच्या गळ्यात नेहमी एक दिवा असे. मोटारीतला छोटा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि वायरींच्या टोकांना सुया. सकाळी दुकान उघडताना ते तो गळ्यात घालत आणि जेवतानासुद्धा काढत नसत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाजवळ, एका पत्र्याखाली त्यांचं दुकान होतं. दिवे लागेनात किंवा हॉर्न वाजेना, की लोक गाडी ढकलत तिथे आणत. इंजिनाला ते हात लावत नसत. "पोटाचं दुखणं दुसऱ्याकडं न्या. मी नसा पाह्यतो," म्हणत.

त्यांची पद्धत एकच. बॅटरीपासून सुरुवात करायची आणि एकेका जोडापाशी सुई टोचत पुढे जायचं. बल्ब पेटला की पुढचा जोड. एकही जोड गाळायचा नाही. गाडीवाले घाई करत, "मिस्त्री, ते बटनच गेलं असंन, बदलून टाका ना." मिस्त्री वर न बघता उत्तर देत, "डोकं दुखते म्हणून डोकं बदलतं का, भाऊ? उजेड कोठं संपते ते पाहू द्या. दुखणं तिथंच असते."

छपन्न-सत्तावन्नच्या सुमारास मी अकोल्यात एका शाळेत तात्पुरता शिक्षक होतो. अंजनगावकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातला मी पहिला पदवीधर. जठारपेठेत राहणाऱ्या एका वकीलसाहेबांनी मला कॉलेजात असताना जेवू घातलं होतं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही तेच होते. माझी संध्याकाळ त्यांच्याकडची कागदपत्रं नीट लावण्यात जाई आणि त्यांच्या आधीच्या गाडीमुळेच माझी मिस्त्रींशी ओळख झाली. मी बी. ए. आहे हे कळल्यावर मिस्त्रींनी स्टुलावरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्याने पुसली. "आमच्या सात पिढ्याइत कोणाले 'क' नाई आला," ते म्हणाले. "तुमच्या घरचे आंधारातून निघाले, मास्तर." वडील वाटावेत इतके मोठे असून ते मला कधी अरे-तुरे करत नसत.

वकीलसाहेबांच्या पत्नीला आम्ही सगळे माई म्हणत असू. आदल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं होतं आणि तेव्हापासून उष्मा वाढला की त्यांना भोवळ येई, हातपाय वाकडे होत. अमरावतीला एक डॉक्टर दर बुधवारी इंजेक्शन देत, आणि त्याने त्या हळूहळू सुधारत होत्या. एकही बुधवार चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण वैशाखात आमच्याकडे पहाटेचा वारासुद्धा तापलेला असतो. म्हणून वकीलसाहेबांनी मुंबईहून एक जुनी अमेरिकन मोटार आणली. तिच्या डिकीत थंड हवेचं यंत्र होतं. पुढे बटण दाबलं की मागच्या काचेजवळच्या जाळीतून गार वारा येई. सारा अकोला ती गाडी बघायला येऊन गेला.

वैशाख लागला आणि एका रविवारी तो वारा बंद पडला.

मिस्त्रींनी असं यंत्र आयुष्यात पाहिलं नव्हतं. तरी ते जठारपेठेत आले, वाकून माईंना नमस्कार केला आणि कामाला बसले. सोमवारी दुपारपर्यंत बल्ब फ्यूजपर्यंत पेटला, संध्याकाळपर्यंत बटणापर्यंत. मंगळवारी सकाळी त्यांनी गाडीचे गालिचे उचलून डिकीकडे जाणारी वायर धरली. वकीलसाहेब दर तासाला व्हरांड्यात येत. "मिस्त्री, उद्या बुधवार आहे."

"चालूनच राहिलो, साहेब. अर्ध्यावर आलो."

"असं मुंगीसारखं चालून कसं होईल?" वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलंय. तू शिकलेला आहेस. जरा बघ."

मी पुस्तक घेऊन डिकीपाशी बसलो. मिस्त्री सुया हातात धरून थांबले. खरं सांगायचं तर अर्धे शब्द मला कळत नव्हते. कविता आणि इतिहास शिकलेला मी, मला कुठलं ते नळ्या-झडपांचं इंग्रजी कळायला. पण समोर मिस्त्री असे बघत होते, जणू मी पोथीच वाचतोय. मी सांगितलं, "थंड हवा येत नसेल तर आधी नळीतला वायू आहे का ते बघा, असं लिहिलंय. ही पितळी टोपी काढून झडप थोडी उघडायची."

त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. त्यातले तीन शब्द मला अडले. मी त्या ओळी सोडल्या.

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, माहा दिवा अजून डिकीपर्यंत पोचला नाई. आधी तेवढं पाहू का?"

मी म्हणालो, "पुस्तकात आधी हेच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रींनी जोड गाळले. पाना लावला. झडप एकदम सुटली आणि सापासारखा फुत्कार करत पांढरा धूर बाहेर आला. त्यांनी तळव्याने झडपेचं तोंड दाबून धरलं, पण वायू थांबला नाही. हात काढला तेव्हा दोन बोटं भाजल्यासारखी पांढरी पडली होती.

वकीलसाहेब धावत आले. "हे कोणी उघडलं?"

पुस्तक माझ्या हातात होतं. मिस्त्री म्हणाले, "म्या."

ते तसेच पुन्हा वायर धरून बसले. तासाभरात बिघाड सापडला. डिकीतल्या पंख्याची एक वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती, तिथला स्क्रू गंजला होता. तो घासून घट्ट केल्याबरोबर पंखा फिरू लागला. जाळीतून वारा आला, पण तो बाहेरच्या वाऱ्याइतकाच गरम. हवा गार करणारा तो वायू उडून गेला होता, आणि तो अकोल्यात मिळत नव्हता, नागपुरात नव्हता. मुंबईहून उत्तर आलं, दीड-दोन महिने लागतील.

फाटकाबाहेर मी मिस्त्रींना गाठलं. म्हणालो, "मी साहेबांना खरं सांगतो."

"काहून? तुमची नोकरी पक्की व्हायची हाये. माही कोणती नोकरी?"

मी सांगितलं नाही.

बुधवारी मिस्त्रींनी गाडीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधले, टपावर डबा ठेवून त्यांवर पाणी ठिबकेल असं केलं, आणि स्वतः पुढे बसून गेले. वाटेत मूर्तिजापूरजवळ माईंना झटका आला. गाडी परत फिरली. त्यानंतरचे बुधवार चुकतच गेले. मुंबईहून वायू आला तोवर माई अंथरुणाला खिळल्या होत्या. श्रावणात त्या गेल्या.

वकीलसाहेबांनी मिस्त्रींना पुन्हा फाटकात येऊ दिलं नाही. गावातली गाड्या असलेली घरं साहेबांच्याच ओळखीची. पत्र्याखाली मग क्वचितच कोणी गाडी ढकलत आणी. मिस्त्री अमरावतीला गेले आणि एका ट्रकवाल्याकडे रोजाने दिवे जोडू लागले.

माझी नोकरी पक्की झाली. चार वर्षांनी परीक्षेच्या कामाला अमरावतीला गेलो तेव्हा त्यांना शोधून काढलं. ते खोकत होते. दोन बोटं वळत नव्हती, सुई डाव्या हाताने धरत. दुपट्ट्याने खोकं पुसून त्यांनी मला बसायला दिलं, चहा मागवला, माझ्या मुलीचं नाव विचारलं. मी धीर करून म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी पुस्तकातल्या दोन ओळी सोडल्या होत्या. मला वाचता आल्या नाहीत. नंतर शब्दकोश घेऊन बसलो. दाब मोजायचं यंत्र जोडल्याशिवाय झडप उघडू नये, असं होतं."

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "तुमचं बोट थांबलं होतं तिथं. मग खाली गेलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मले वाटलं, कामाच्या नसतीन. शिकेल-सवरेल माणूस उगाच कायले सोडीन?"

त्या भेटीनंतरच्या हिवाळ्यात ते वारले, हे मला उशिरा कळलं. मी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिलो. मुलं मला काही विचारत आणि मी सांगेन ते वहीत लिहून घेत.