नव्या पडद्यावर अक्कांचा हात

पद्माक्कांची नि माझी ओळख त्यांच्या रागावण्यानं झाली. मोडनिंबहून येऊन मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छापखान्यात लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात टाइपाच्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा, खण माझ्या हातून सांडला आणि मी खिळे दिसेल त्या घरात भरून टाकले. अक्का तिथं खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर होत्या. "अंकुश, 'क'च्या घरात 'फ' राहायला आणलास की रे!" असं म्हणून त्यांनी माझ्याबरोबर बसून सगळे खिळे परत लावले. वर डब्यातली अर्धी भाकरी दिली.

पुढं तोच छापखाना मी चालवायला घेतला. खिळे गेले, संगणक आला. तेलुगू विणकर घरातल्या अक्कांनी मराठी, तेलुगू, कन्नड अशा किती लग्नपत्रिका जुळवल्या असतील! त्यांची नजर कायम हातातल्या मजकुरावर असायची. पडद्यावरची जागा हातच शोधायचा. मी मशीनच्या खोलीत बसून की-बोर्डच्या आवाजावरून ओळखायचो, काम कुठवर आलंय.

तीनेक वर्षांपूर्वी एका सकाळी तो आवाज अडखळायला लागला. संगणकाची प्रणाली आपोआप नवी होऊन बसली होती. कोपऱ्यातलं 'स्टार्ट'चं बटण मधे सरकलेलं आणि कोपऱ्यात दाबलं की हवामान. "मी पत्रिका मागते, हा मला ऊन सांगतोय! सोलापुरात राहून मला ऊन ठाऊक नाही व्हय?" आम्ही हसलो. मग मात्र हसू थांबलं. कॉपी, पेस्टच्या यादीतल्या शब्दांच्या जागी चित्रं आली होती. सवयीनं गेलेला हात कचऱ्याच्या डब्यावर टेकला आणि मंगळवेढ्याच्या एका लग्नाची पत्रिकाच पडद्यावरून गेली. मुलीचे वडील समोरच होते. "लगीन हाय न्हवं अजून?" त्यांनी घाबरून विचारलं. डब्यातून पत्रिका लगेच परत मिळाली. पण अक्कांचा चेहरा उतरला तो उतरलाच. "माझ्या हातानं लग्न पुसलं. उद्यापासून मी येत नाही."

माझं कशातच लक्ष लागेना. अक्का गेल्या तर तीन भाषांचा हात गेलाच, शिवाय मला कान धरून विचारणारं तिथं कुणी उरलं नसतं. मी एका जाणकाराला बोलावून ते बटण गुपचूप जुन्या कोपऱ्यात आणून घेतलं आणि अक्कांना निरोप धाडला, "अडलेलं प्रूफ तेवढं बघून जा."

त्या आल्या, बसल्या आणि पहिल्याच टिचकीला थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"तुमच्या सोयीसाठी, अक्का."

"उद्या दुसऱ्या यंत्रावर बसले तर तिथं तू येणार काय सोय करायला? होतं तसं कर."

केलं. मग त्यांनी वाया गेलेल्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर नवा पडदा काढला, टाइपाच्या खणासारखी घरं पाडून. प्रत्येक घरात काय ते तेलुगूत लिहिलं आणि आठ दिवस काम सुरू करण्याआधी नुसता हात फिरवला. मी पलीकडून ऐकत होतो. एक टिचकी, थांबणं, पुटपुटणं. आज जमेल का, उद्या जाणार का, हेच मनात. नवव्या दिवशी की-बोर्ड सलग वाजला. मी मशीन बंद करून ऐकत राहिलो, तर आतून आवाज आला, "मशीन का थांबली रे? मालक झालास म्हणून बसून राहायचं?"

तो कागद त्यांनी आमच्या दोन्ही ऑपरेटर मुलींनाही गिरवायला लावला. आज त्या दोघी स्वतःच्या हिमतीवर काम करतात.

यंदा पंचाहत्तरी गाठलेल्या अक्कांना दीर्घायुष्य लाभो, डोळे आणि मनगटं शाबूत राहोत, जिभेला तर माझ्या शुभेच्छांची गरजच नाही. परवा पडद्यावर पुन्हा नव्या आवृत्तीची सूचना आली. मी घाईनं 'नंतर' दाबायला गेलो. अक्कांनी माझा हात बाजूला केला.

"पंचाहत्तरीला नंतर म्हणू नये, अंकुश. आता दाब."