थंड झाला

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या बाबांना पाहिलेलं नाही.

गोष्ट एका माशाची आहे. इतक्यात हसू नका.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही खामगावात राहायचो, मी कापसाच्या जिनात कारकून होतो. बाबांना अर्धांगवायू झाला होता — डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत. खाटेवर दिवस सरेना, म्हणून मुंबईहून आमच्या जावयांनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, त्यांना एक मासा आणून दिला. बोटाएवढा, निळाशार, लुगड्याच्या पदरासारखी शेपटी. लढाऊ जात, एका बरणीत एकटाच राहणारी. बाबांनी त्याचं नाव ठेवलं पैलवान. उजव्या हातात दाढीचा आरसा धरून ते बरणीसमोर न्यायचे. पैलवान आरशातल्या पैलवानावर कल्ले फुगवून धावून जायचा, आणि बाबा अर्ध्या तोंडाने हसायचे.

जावई जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले होते — हिवाळ्यात हा हालणार नाही, खाणार नाही, तळाशी आडवा पडेल. मेला समजू नका. उबेतला जीव आहे. पाणी कोमट ठेवा, बरणी उन्हात ठेवा, कल्ल्यांकडे बघा.

मला सांगितलं होतं. फक्त मला. हे लक्षात असू द्या.

सेवा माझ्याकडे होती. एक दिवसाआड पाणी बदलायचं, रोज सकाळी गल्लीतल्या हौदांतून डासांच्या अळ्या गाळून आणायच्या. "काय बे, डास पाळून राह्यला काय?" — शेजारी विचारायचे. कापसाच्या गाड्या जिनाबाहेर उभ्या असताना मी अळ्या गाळत असायचो. पण कंटाळा आला होता, एवढंच म्हटलं तर तेही खोटं होईल. बाबा माझ्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलायचे, माशाशी तासभर. माशाचा कोणी हेवा करतं का? मी केला.

पौषात कडाका पडला आणि पैलवान तळाशी गेला. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या सकाळी मी बरणीजवळ डोळा नेला. कल्ले उघडत होते, मिटत होते — हळू, पण नेमाने. मी नीट पाहिलं. खाटेवरून बाबांनी विचारलं, "काय म्हंते पैलवान?"

मी म्हणालो, "थंड झाला, बाबा."

आता हा शब्द बघा. मासा थंडच पडला होता, म्हणजे शब्द खरा. पण आमच्या घरात 'थंड झाला' म्हणजे काय, हे मला माहीत होतं. खोटं न बोलता खोटं बोलायला तोच शब्द हवा होता, म्हणून मी तो निवडला.

बाबांनी मान बरणीकडे वळवली. मग म्हणाले, "हालत नाही म्हंजे मेलं असते काय बे? हात लावून पाह्यलं ना तू?"

"हाव," मी म्हणालो. लावला नव्हता.

बरणी घेऊन विहिरीवर गेलो. शेजारच्या गोदामावशी पाणी शेंदत होत्या. त्या म्हणाल्या, "गेला काय रे? असू दे, शेवटचं पाणी तरी पाज त्याले." आणि आपल्या बादलीतलं थोडं पाणी बरणीत ओतून, घागर कमरेवर घेऊन निघून गेल्या.

हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. वाफ निघत होती त्यातून. पैलवान सरळ झाला. आधी शेपटी उलगडली, मग एक फेरी मारली, आणि वर येऊन त्याने हवेचा घोट घेतला.

परत फिरायला किती पावलं होती? वीस. "बाबा, जिता आहे" — इतकंच म्हणायचं होतं. पण मग बाबांनी विचारलं असतं, तू हात लावला होता ना? त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. बरणी केळीच्या आळ्यात उपडी केली. तो चिखलात तडफडू लागला, तेव्हा मी पायाने वर माती लोटली. बरणी घासून स्वच्छ धुतली आणि घरी नेली.

बाबांनी पुन्हा पैलवानाचं नाव काढलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एक नवीन सुरू झालं. सकाळी मी चहा घेऊन खोलीत शिरलो, की माझं पाऊल वाजताच ते उजवा हात वर करायचे, बोटं हलवायचे आणि म्हणायचे, "जिता आहो बे अजून." बायको हसायची, मुलं हसायची. गंमत वाटायची सगळ्यांना. मी हसत नव्हतो. माझ्यासाठीच ते हात हलवायचे — दुसऱ्या कोणासाठी कधी नाही.

चार हिवाळे असे गेले. पाचव्यात एका सकाळी माझं पाऊल वाजलं आणि हात वर झाला नाही. मी कप खाली ठेवला. त्यांच्या छातीवर तळवा टेकवला आणि तसाच बसून राहिलो — चहावर साय धरेपर्यंत. मग बाहेर जाऊन घरच्यांना सांगितलं.

'गेले' म्हणालो. तो दुसरा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाला नाही.