लिफ्ट बंद आहे

शिंपीणबाईंना कुणी "कशा आहात?" विचारलं, की त्या चाकाच्या खुर्चीतल्या लेकीची तब्येत सांगत. लेक कॉलेजात गेली, तरी बाई एकट्या कुठे जातील तर शपथ! शेवटी लेकीनेच शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि "मैत्रिणीकडे जा, संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नकोस," म्हणून आईला पिटाळलं.

थोड्याच वेळात फोन आला. "अगं, हिच्याकडची लिफ्ट बंद आहे. येते परत." आवाजात सुटल्याचा आनंद मावत नव्हता.

"आई, खुर्चीत मी बसते," लेक म्हणाली. "तू जिन्याने जा."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग, "अगं बाई, खरंच की!"

फोन बंद करायचं भान बाईंना राहिलं नाही. लेक कान लावून ऐकत होती. पहिल्या मजल्यानंतर आईची पावलं चक्क धावायला लागली.