रॉकच्या मैदानावर आमची सतरंजी

मी बदनापूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि मला रॉक आवडतं. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की लोक माझ्याकडं असं बघतात, जणू मी वांग्याच्या भरतात साखर घालते म्हणाले. त्यातही साधंसुधं रॉक नाही, प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी. धड ध्रुवपद नाही, सात मात्रांत चाललेला ठेका मध्येच पाचात शिरतो, आणि कधी कधी पाच-पाच मिनिटं कुणी गातच नाही. समजावून सांगायला गेलं की समोरचा विचारतो, "मंग त्यात ऐकायचं काय?" मी आता समजावणं सोडून दिलंय. मला आवडतं, एवढं पुरे.

हे वेड डी.एड.च्या वसतिगृहात लागलं. खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाकडची, अशाच एका परदेशी बँडची कॅसेट माझ्या पिशवीत आली ती परत गेलीच नाही. इंग्रजी शब्द निम्मे कळत नव्हते, पण ते बँडवाले घाईत नाहीत हे कळत होतं. आमच्याकडं सगळेच कायम घाईत असायचे. पुढं नोकरी लागली, हातात फोन आला, आणि जालना ते बदनापूर रोजचा रेल्वेप्रवास सुरू झाला. त्या बँडचं माझं सगळ्यात लाडकं गाणं जवळपास तेवढंच लांब आहे. गाडी हलली की लावायचं, बदनापूरच्या फलाटावर उतरताना संपायचं. गाडी वाटेत रखडली तर बाकीचे रेल्वेला शिव्या द्यायचे, मी दुसरं गाणं लावायचे.

स्टाफरूममध्ये एका सरांनी एकदा विचारलं, "मॅडम, इंग्रजी गाणी कळतात का तुम्हाला?" मी म्हटलं, "तुम्हाला शास्त्रीय संगीत कळतं का, सर? मान तर छान डोलावता." आपली माणसंही काही कमी नाहीत. विहारातल्या एका काकांनी मला जयंतीच्या वर्गणीची पावती देता देता सुनावलं, की आपण आपली गाणी ऐकावीत, ही बड्या घरच्यांची थेरं आपल्याला कशाला. आपली गाणी मी ऐकतेच. त्यांच्यावरच वाढले. पण माझ्या आज्यानं गावकीची कामं टाकली, धर्म बदलला, ते नातीच्या कानात काय जावं हे चार लोकांनी ठरवावं म्हणून नव्हे.

तर गेल्या वर्षी तो बँड पुण्याला येणार असल्याचं कळलं. शहराबाहेरच्या मैदानावर दिवसभराचा महोत्सव, सहा बँड, आणि माझा बँड शेवटी, दिवस मावळताना. वादक आता म्हातारे झालेत, पुन्हा येतील असं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं आणि जेवताना घरात सांगितलं.

माझं लग्न मोडून बारा वर्षं झाली. मी आईसोबत राहते, धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर. मी चव्वेचाळीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर जगणारी बाई. त्याला विचारायची मला गरज नसते, पण मला शिकवायची त्याला फार गरज असते.

"ताई, तुझं डोकं बराबर है का? तिथं पोरं दारू पिऊन नाचतेत. एकटी बाई जाऊन राह्यली म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, मॅडम गाणं ऐकायला गेल्यात."

"जायचंच आसंल तर आईला घेऊन जा मंग," तो म्हणाला आणि निवांत भाकरी मोडायला लागला. त्याला वाटलं, विषय संपला. आई सत्तरीची, अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेली, एक गुडघा कामातून गेलेला. ती कशाला जाते पुण्याला.

आईनं ताटातून मान वर केली. "मी बी जाते की. लोकांचं काय घेऊन बसला? लोकं मला बी बोलतेच होते, अंगणवाडीत जायची तवा."

पडत्या फळाची आज्ञा. मी लगेच दुसरं तिकीट काढलं. भाऊ भाकरी अर्धी टाकून वर निघून गेला.

आता आमची चूक सांगते. चूक दोघींची. आमच्याकडं मैदानावर गाण्याचा कार्यक्रम म्हटला की जेवणाआधी सतरंजी आठवते. जयंतीच्या मुकाबल्याला दोन पार्ट्या समोरासमोर गातात, हजारो माणूस येतं, आणि ज्याची सतरंजी आधी पडली त्याची जागा. बायका दुपारीच जाऊन पसरून येतात, वर चपला ठेवतात, आणि त्या जागेला कुणी हात लावत नाही. वीस वर्षं मी रॉक ऐकलं होतं, पण त्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम एकही बघितला नव्हता. आईनं निळ्या पट्ट्यांची सतरंजी गुंडाळून पिशवीत भरली, तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट मीच बजावलं, "मोठी घे, पाय लांब करता येतील."

दारावरच्या सुरक्षारक्षकानं पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि सतरंजी उलगडून पाहिली. तो परभणीकडचा निघाला. हसला. "आमच्याकडं बी अशीच नेतेत, मावशी. जा." आत माणसं तुरळक होती. आम्ही थेट मंचासमोर, कठड्याला लागून, मधोमध सतरंजी अंथरली. मला इतका आनंद झाला होता की डब्यातली दशमी हातात तशीच राहिली. आई चारही बाजूंना बघून म्हणाली, "जागा चांगली घावली."

मग माणसं आली आणि येऊन उभी राहिली. एकही बसलं नाही. पहिला बँड सुरू झाला तेव्हा आईच्या तिन्ही बाजूंना फक्त जीन्स होत्या. मी उभी राहिले. शेजारी काळ्या टी-शर्टातला एक पुण्याचा तरुण होता. माझ्या तोंडून एका जुन्या अल्बमचं नाव ऐकून तो चकित झाला आणि आम्ही बोलायला लागलो. काय सांगू, वीस वर्षांत पहिल्यांदा या संगीताबद्दल मी कुणाशी तरी बोलत होते! सात मात्रांचा तो तुकडा कुठला, ड्रमवाला कधी बदलला, सगळं. मला हवेत गेल्यासारखं झालं. त्यानं विचारलं, कुठून आलात. मी म्हटलं, "संभाजीनगर साइडहून." जालना म्हणायला काय झालं होतं, कुणास ठाऊक.

चौथ्या बँडनंतर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक स्वयंसेवक मुलगी आली. "काकू, इथे बसता येणार नाही, गर्दीत पाय पडेल अंगावर. मागे खुर्च्या आहेत."

"आमी अकरा वाजल्यापासून जागा धरली," आई म्हणाली.

"हो, पण इथे सगळे उभे राहतात."

"राहू दे की. आमी कुणाला बसा म्हणलो का? इथं बसू नका म्हणणारे लई पाह्यले बाई मी. पाण्यावर पाह्यले, शाळंत पाह्यले. तिकीट है माझ्याकडं."

मुलगी बिचारी काळजीपोटी सांगत होती. पण आईनं ते वाक्य आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की त्यामागची काळजी तिला ऐकूच येत नाही. आजूबाजूचे वळून बघायला लागले, कुणीतरी हसलं. तो तरुण माझ्याकडं झुकून म्हणाला, "त्या तुमच्यासोबत आहेत का?"

आणि मी म्हणाले, "नाही, म्हणजे... शेजारी राहतात आमच्या."

आईनं ऐकलं. मला ते लगेच कळलं, कारण तिनं वाद तिथंच सोडला. गुडघ्यावर हात देऊन उठली, दशमीचा डबा पिशवीत टाकला, सतरंजीची घडी घातली आणि माझ्याकडं न बघता मागं निघून गेली. मी तिला जाऊ दिलं. स्टाफरूमला तोंड देणारी, विहारातल्या काकांना न जुमानणारी, भावाला गप्प करणारी मी, एका अनोळखी पोरासमोर बरं दिसावं म्हणून आईची शेजारीण केली. लोक काय म्हणतील हे भावापेक्षा मलाच जास्त छळत होतं. फक्त माझे लोक वेगळे होते.

पाचवा बँड काय वाजवून गेला मला माहीत नाही. मग दिवस कलला, माझा बँड आला, आणि त्यांनी पहिलंच गाणं धरलं ते बदनापूरचं. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते दहा पावलांवर चाललं होतं, आणि मला चीड येत होती, स्वतःचीच. मी वळले आणि गर्दी कापत मागं गेले.

आई शेवटच्या रांगेत बसली होती, मांडीवर सतरंजी.

"कशाला आली? तुझं गाणं लागलं ना?"

"आई, चुकलं माझं. चल पुढं."

"शेजारणीला कशाला नेती?"

"लाज वाटली मला. तुझी. चुकले. चल."

तिनं मांडीवरच्या सतरंजीची घडी सारखी केली. "त्या पोराला सांगशील का?"

"सांगते."

"माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर."

तेव्हा ती उठली. मी पुढं, ती माझा हात धरून मागं, आणि मी प्रत्येकाला "आई आहे, वाट द्या" म्हणत होते. लोक शिव्या पुटपुटत का होईना, सरकले. जुन्या जागेवर पोचून मी दोन-तीन पोरांना बाजूला सारलं आणि सतरंजी पसरली. ती स्वयंसेवक मुलगी लांबून हात हलवत यायला निघाली. येऊ दे म्हटलं. आई खाली टेकली. मी त्या तरुणाला म्हणाले, "ही माझी आई आहे."

"काय?" तो ओरडला. आवाजाचा कल्लोळ चालला होता.

"माझी आई!"

त्यानं कानाला हात लावून मान हलवली. ऐकू येत नव्हतं. आई खालून माझ्याकडं बघत होती. मी थांबले. त्या गाण्यात शेवटाच्या थोडं आधी सगळी वाद्यं एकदम तुटतात. सात मोजेपर्यंत शुकशुकाट, मग पुन्हा तडाखा. नवखा माणूस तिथं फसून टाळ्या वाजवतो. मी मात्र ते गाणं हजारदा ऐकलं होतं. मी श्वास भरून घेतला आणि मोजायला लागले.

वाद्यं तुटली.

"ही माझी आई आहे! आम्ही जालन्याहून आलोय!"

त्या शांततेत माझा आवाज अख्ख्या मैदानभर गेला. माणसं वळली. मंचावरच्या म्हाताऱ्या गिटारवाल्यानं खाली वाकून बघितलं. तो तरुण लाल झाला, मग त्यानं आईला वाकून नमस्कार केला. स्वयंसेवक मुलगी होती तिथंच थांबली. आणि सात मात्रा पुऱ्या होऊन वाद्यं पुन्हा कोसळली.

आईनं माझ्या कुडत्याचं टोक धरून ओढलं. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "बस आता खाली. तुझ्यामुळं मला काई दिसंना."