पावलासरशी थांबणारा माग

नवं मध्यप्रदेश राज्य झालं तेव्हा भावाची कचेरी नागपूरहून भोपाळला गेली. माझ्याजवळ राहणारी आईही त्याची मुलं सांभाळायला म्हणून तिकडेच गेली. धाकटी बहीण रावेरला, सीमेवरचं इच्छापूर ओलांडलं की लगेच, पण तेही दुसरंच राज्य. उरले मी एकटी. बऱ्हाणपुरात मुलींच्या शाळेत शिकवायचं आणि तांबटांच्या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत येऊन पडायचं. अर्धशिशीचं दुखणं आणि शेजारी सकाळपासून हंड्यांवर पडणारे घण. डोकं असं उठायचं की वह्या तपासताना चांगल्या चांगल्या मुलींना मी नापास करत असेन.

म्हणून ठरवलं, आता स्वतःचं घर घ्यायचं, आणि घ्यायचं तर कानाने बघून घ्यायचं. भाव, वास्तू, पाण्याची सोय हे सगळे बघतात. मी आवाज बघणार होते. ओळखीच्यांनी नाकं मुरडली. एकटी बाई घर घेते हेच त्यांना जड जात होतं, त्यात हे खूळ.

सिंधीपुऱ्यात एका घराचा वरचा मजला विकायचा होता. खाली एक विणकर, त्याची बायको, दोन मुली आणि एक हातमाग. माग बघून मी दारातूनच परत फिरणार होते. पण आत शांत होतं. विणकर उठून उभा राहिला, त्याच्या बायकोने पाट मांडला, चहा आला. वर जाऊन मी जमिनीच्या लाकडी फळ्यांना कान लावून बसले. खालून काही नाही. पुन्हा एकदा भर दुपारी गेले, मग बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गेले. दर वेळी तसंच, माग गप्प. मी विचारलं, "माग चालतो की नाही तुमचा?"

"चालते ना, बाई. पण तुम्हाले तकलीफ नाही होणार," विणकर म्हणाला.

मी मनात म्हटलं, धंदा बसलेला दिसतो बिचाऱ्याचा. माझ्या अर्धशिशीची सगळी कहाणी मी त्या बाईला ऐकवली, आणि मजला घेतला.

राहायला गेले तरी शांतताच. मी शाळेतून यायचे, जेवायचे, वह्या काढायचे. डोकं दुखायचं थांबलं, ते अगदी खरं. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मला मागाची खटखट ऐकू यायची, आणि लाकडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय पडला की ती बंद. मुलींचं हसणंही बंद. पहिल्यांदा योगायोग वाटला. मग रोजच व्हायला लागलं तेव्हा खाली जाऊन विचारलं.

विणकराची बायको पदर सावरत म्हणाली, "आमच्यात घरी पाव्हणा असला तर माग नाही चालवत, बाई. त्याले बोलता येत नाही, बसता येत नाही. अन् तुमचं तर डोकंबी दुखते."

"अहो, मी पाहुणी कुठे? मी इथेच राहते."

"हो ना, बिलकुल," ती म्हणाली, आणि मला बसायला पाट दिला.

मग कळलं की विणकर मी शाळेत असताना माग चालवतो आणि मी घरी आले की मेहुण्याच्या घरी जाऊन त्याच्या मागावर बसतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, चालवा, माझी शपथ आहे. माझ्या समोर त्याने धोटा फेकला, हळू, कुणाचं मूल झोपलं असावं तसा, आणि चार हात मारून उठला. कशाला उगीच, म्हणाला. चहा आला. मला त्याचा राग आला, आणि राग कोणावर काढावा तेही कळेना. इतकी अदब की घरातलं माणूस होण्याची सोयच नाही. मी वर आले. अशी शांतता मीच शोधून, पारखून घेतली होती, आणि तिच्यात मला रडू यायचं.

पुढे थंडीत एकदा ताप आला. सकाळी वह्या न्यायला आलेल्या शाळेच्या शिपायाबरोबर मी निरोप पाठवला आणि पडून राहिले. जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं ऐकून खालच्यांना वाटलं, मीच गेले. थोड्या वेळाने माग सुरू झाला, जोरात, माझी खाट हलेल इतका. विणकर काहीतरी गुणगुणत होता. बायको मुलींवर करवादत होती, एक मुलगी खोटं खोटं रडत होती, दुसरी हसत होती. मग कोणाची तरी भाकरी करपली आणि त्यावरून विणकराने बायकोला चिडवलं. तिनेही त्याला चांगलंच सुनावलं.

मला खोकल्याची उबळ आली. मी उशी तोंडावर दाबून धरली. घसा कोरडा पडला होता, माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. उठले असते तर जमिनीच्या फळ्या खाली वाजल्या असत्या. दुपार होईपर्यंत मी तहानलेली तशीच पडून राहिले.