शेजारणीनं बोलायचं

आमच्या मंडळाचा तो नियम मीच केला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला हसू आलं तरी माझी हरकत नाही.

आम्ही कोल्हापुरातल्या धंदा करणाऱ्या बायका महिन्यातून एकदा मंगळवार पेठेतल्या एका हॉलवर जमतो. कुणाची बेकरी आहे, कुणाचं पार्लर, कुणी आजऱ्याहून काजू आणून पॅकिंग करते. एकमेकींना गिऱ्हाईक जोडून द्यायचं, एवढाच हेतू. सुरुवातीला प्रत्येकीनं उठून आपापल्या कामाबद्दल बोलायचं ठरलं आणि पंचाईत झाली. नळावर भांडताना जिचा आवाज रंकाळ्यापर्यंत जातो, तीच बाई स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं म्हटलं की पदराशी चाळा करत बसायची. मग मी म्हटलं, आपण बोलायचंच नाही. शेजारणीनं बोलायचं. जोड्या लावू, माझ्याबद्दल माझी जोडीदारीण बोलेल, तिच्याबद्दल मी. आणि ती बोलत असताना आपण तोंड उघडायचं नाही, नाहीतर ‘कसलं काय, साधंच असतंय’ म्हणत बाया सगळ्यावर पाणी ओततात. दुसरा नियम मंडळाचा पहिल्यापासूनचा होता: एका धंद्याची एकच बाई, म्हणजे आपसात ओढाताण नको.

शिवणकामाची जागा माझी. शुक्रवार पेठेत माझं पत्र्याचं शेड आहे, तिथं आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. माझी जोडीदारीण लग्नातलं रुखवत करून देते. काय बोलायची माझ्याबद्दल! “हिनं शिवलेला फ्रॉक थोरली घालती, मग धाकटी घालती, शेवटी त्याचं फडकं होतंय, पण शिवण काय उसवत न्हाई.” हॉल हसायचा आणि मला दुसऱ्या दिवशी दोन फोन यायचे. मीही तिच्याबद्दल जीव तोडून बोलायचे.

पंचगंगेला पूर आला तेव्हा मंडळानं पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या करायचं काम उचललं. आम्ही दोघी एकाच चुलीवर होतो. ती थापायची, मी भाजायचे. त्या धुरात मी तिला म्हटलं होतं, “कंबर साफ धरलीया गं. कधी कधी वाटतंय, सोडावं सगळं.” ती म्हणाली, “गप की. तू सोडलीस तर मी कुणाबद्दल बोलू?” घरातसुद्धा कुणाला न सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली होती.

त्या भाकऱ्यांचं काम बघून गारगोटीच्या एका शिक्षण संस्थेच्या बाई आमच्या वार्षिक सभेला पाहुण्या म्हणून यायला तयार झाल्या. त्यांना त्यांच्या मुलींच्या शाळांचे गणवेश शिवून हवे होते. इकडं शहरातल्या शाळा एकेक करून रेडिमेडकडे वळलेल्या. हे काम आलं तर शेड चालणार होतं. नाही आलं तर माझ्याकडच्या निम्म्या बायकांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायची वेळ होती. हे सगळं जोडीदारणीला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तिनंच फोनवर सांगितलं, “तू नुस्ती नीट साडी नेसून ये. मी बोलतो की.”

सभेला ती सुनेला घेऊन आली. सुनेनं फॅशन डिझायनिंगचा कोर्स केलेला, घरीच नव्या मशिनी टाकलेल्या. ‘नुसतं बघायला आलीया,’ असं ती म्हणाली. मी सुनेला शेजारी बसवून पाणी दिलं.

आमची पाळी आली. ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुरू झाली. फ्रॉक आला, फडकं आलं, हॉल हसला. मग आवाज ओला करून म्हणाली, “लई राबली ही. आता कंबर साथ देत न्हाई तिला. तोंडानं कधी सांगायची न्हाई, पण आता तिनं इसावा घ्यायचा ठरवलाय. आपण तिचा सत्कार करूया.”

मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. तोवर अध्यक्षीणबाई शाल घेऊन आल्या. पाठोपाठ ताट आलं. कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. सगळं आधीपासून आणून ठेवलेलं होतं. आता सांगा, भरल्या ओटीनं बाई उठून ‘हे खोटं आहे’ म्हणेल कशी? ओटी नाकारायची? आणि वर माझाच नियम, शेजारीण बोलताना तोंड उघडायचं नाही. टाळ्या पडत होत्या. मी पदरात नारळ सावरत बसले आणि माझ्यादेखत शिवणकामाची जागा रिकामी झाली.

पुढं रीतीप्रमाणं तिच्याबद्दल मी बोलायचं होतं. बोलले! याचा संताप मला अजून येतो. सवयीनं तिच्या रुखवताचं कौतुक तोंडातून धडाधड बाहेर पडत होतं आणि समोर गारगोटीच्या बाई सुनेच्या मोबाईलवर नमुने बघत होत्या.

खाली गाड्यांजवळ मी तिला गाठलं. “मी कधी ठरवलं गं?”

“अगं, तूच म्हणालीस की, सोडावं वाटतंय म्हणून. तुझ्या जिवासाठीच केलं मी.”

“ते मी तुला म्हणाले होते.”

“मग? मी काय परकी हाय व्हय?”

ती परकी असती तर मी नारळ तिथंच टाकला असता.

शेडमध्ये बायका चहा ठेवून वाट बघत होत्या. शाल बघून एकीनं हरखून विचारलं, “वैनी, काम गावलं वाटतं?” मी शाल घडी करून कपाटात टाकली. खण तिथंच कापडांत ठेवला. त्याचं झंपर शिवायची इच्छा मला आजतागायत झालेली नाही.

पुढच्या महिन्यात मी सभेला गेले. बेकरीवाल्या भाभींनी वाटेतच विचारलं होतं, “अब काहे को आते हो, दीदी? आराम करो.” मी काम सोडलं, हे त्यांना खरंच वाटत होतं. मी हात वर केला आणि म्हटलं, आज माझ्या कामाबद्दल मी बोलणार. उठले खरी, पण तोंडात काही येईना. थोरलीचा फ्रॉक आठवला, तो तिचा. न उसवणारी शिवण आठवली, तीही तिचीच. इतकी वर्षं माझ्या कामाचं जे काही चांगलं बोललं गेलं ते तिनं बोललेलं, आणि मी ते शेजारी बसून ऐकलेलं. माझ्याजवळ माझं असं एक वाक्य नव्हतं.

“मी शिवतो,” मी म्हटलं. “अजून शिवतो.” आणि बसले.

पहिली टाळी तिनंच वाजवली.