काळजीला दोघं लागतात

गॅसवर कुळथाची पिठी रटरटत होती आणि मी भास्करच्या नावाने खडे फोडत होते. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर फेरी मारायला गेलेला हा माणूस दिवेलागणीला घरी यायचा म्हणजे यायचाच, आणि त्या दिवशी पिठी आटून घट्ट व्हायला आली तरी पत्ता नाही. तेवढ्यात शेजारचे दिलीपभाऊ दारात आले. ते आणि भास्कर रोज बरोबरच जायचे. एकटेच आलेले पाहून मी म्हटलं, "हे कुठे रेंगाळले? विद्यार्थी भेटला की काय कुणी?" दिलीपभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, आधी गॅस बंद करा." मी गॅस बंद केला... आणि त्यांच्या पुढच्या वाक्याआधीच मला सगळं कळलं. जेट्टीच्या कठड्यावर बसल्या बसल्या तो गेला होता. कसला त्रास नाही, कुणाला हाक नाही.

जलदानविधी झाला, मुलगा-सून-नात चार दिवस राहून पुण्याला गेली, आणि घर एकदम मोठं झालं. भेटायला येणारे येतच होते. भास्कर हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, त्यामुळे अर्धी रत्नागिरी त्याची विद्यार्थी. (घरात कायम 'अहो'च होतं, लिहिताना मात्र नाव घेते, आता कोण रागावणार आहे.) आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच. सर म्हणजे शांत माणूस, सरांना कधी कसली काळजी म्हणून नव्हती. मी मान डोलवत चहा पुढे करायची. कारण बरीच वर्षं माझंही तेच मत होतं, आणि त्यापायी मी त्याच्यावर मनापासून चिडलेली होते.

काळजी होती ती सुमेधच्या उंचीची. सुमेध आमचा एकुलता एक. तो पाऊल टाकायला लागला होता तेव्हाची गोष्ट. माजघराच्या दारातच चटईवर झोपला होता आणि भास्करला शाळेला उशीर होत होता. त्याने सरळ पोराला ओलांडलं आणि तो पडवीत चपला घालायला लागला. माझ्या सासूबाई आतून ओरडल्या, "भास्करा, परत मागं ये. वलांडलंस तसा उलटा वलांड, नायतर पोर खुजं ऱ्हाईल." आमचं घर बौद्ध. सासऱ्यांनी तरुणपणीच घरातले देवांचे सगळे टाक राजापूरला अर्जुना नदीत सोडून दिले होते. देव गेले, उपास गेले, नवस गेले, पण झोपलेल्या पोराला ओलांडू नये हे काही सासूबाईंच्या मनातून गेलं नाही. भास्कर हसला. "आई, पोर वाढतं ते आतल्या ग्रंथींमुळं. माझ्या पायाचा काय संबंध?" असं म्हणून गेला. पुढे कितीतरी वर्षं ग्रंथींचा धडा आला की तो वर्गात हा किस्सा सांगायचा, सासूबाईंच्या आवाजासकट. मुलं पोट धरून हसायची.

सुमेध शाळेत जायला लागला आणि प्रार्थनेच्या रांगेत जो पहिला उभा राहिला तो तिथेच राहिला. इतर मुलं दर जूनमध्ये मागे सरकायची. मी गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची आणि अंग काही वाढायचं नाही. पँटची आत दुमडलेली पट्टी वर्षअखेरीला तशीच कोरी निघायची. बाजारात बायका विचारायच्या, "काय गो, पोराला जेवायला घालतेस ना?" आणि वर समजूत घालायच्या, मूर्ती लहान पण कीर्ती महान. ही म्हण ज्याने कुणी काढली त्याची स्वतःची मुलं चांगली उंच असणार. मी काय नाही केलं? दुधात पावडरी घातल्या, खारीक घातली, नाचणीची आंबील पाजली, परसातल्या दोन पोफळींना लोखंडी पाइप बांधून त्याला लोंबकळायला लावलं. तो बिचारा शाळेतून आला की हात दुखेस्तोवर वटवाघळासारखा लटकायचा आणि खाली उतरून विचारायचा, "आई, वाढलो?" आणि भास्कर? तो पेपरातून डोकं काढून म्हणायचा, "वाढेल गो." बस, दोन शब्द. मला वाटायचं, बापाला काही पडलेलीच नाही. एकदा तसं तोंडावर बोललेसुद्धा. तो चहाचा कप उचलून पडवीत गेला.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसायला हवी होती. ओलांडण्याचा तो किस्सा त्याने सांगायचं बंद केलं होतं. त्याच्या वर्गातल्या एका मुलीने मला रस्त्यात विचारलं, "बाई, सरांनी आम्हाला आजीची गंमत सांगितलीच नाही, ताईच्या वर्गाला सांगितली होती." मी म्हटलं, विसरले असतील.

सुमेध सातवीत असताना माझ्या हट्टापायी आम्ही त्याला कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उंची मोजली, वजन केलं, रक्त तपासलं, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. मग आमच्या दोघांकडे नीट पाहून भास्करला विचारलं, "तुम्ही कधी वाढलात?" भास्करला आठवेना. मलाही कुठून ठाऊक असणार? "मॅट्रिकच्या फोटोत मी सगळ्यांत पुढे बसलोय," एवढंच तो म्हणाला. डॉक्टर हसले. हाडांचं वय मागे आहे, रक्तात काही दोष नाही, बापासारखाच उशिरा वाढेल, फार उंच होणार नाही, पण वाढेल; अधूनमधून दाखवायला आणा. "मूल लहान आहे, आजारी नाही," हे त्यांचं वाक्य मी येताना मनात घोकत होते. इतकी वर्षं भास्कर जे दोन शब्दांत सांगत होता तेच फी भरून ऐकून आलो होतो. पण एसटीत मी पाहिलं तर तोच गप्प. सुमेध खिडकीशी डुलक्या काढत होता. आंबा घाट उतरताना भास्कर समोरच्या सीटकडे बघत अगदी हळू म्हणाला, "अगो... तेव्हा मी परत मागं आलो असतो, तर काय बिघडलं असतं?"

मला क्षणभर कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. आणि कळलं तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. ग्रंथींचा धडा शिकवणारा माणूस पोटात काय घेऊन फिरत होता इतकी वर्षं... मी हसून म्हणायला हवं होतं, अहो, आत्ताच डॉक्टरांनी सांगितलं ना. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्याने हसवलं नाही. मी नुसता त्याच्या हातावर हात ठेवला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. सुमेध बुटांसकट माजघराच्या दारात आडवा झाला आणि तिथेच झोपला. मी चूल-भांड्याला लागले. कसलीशी वाटी घ्यायला वळले तर भास्कर पडवीत उभा. त्याने चपला काढल्या. मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, कुणी नाही ना म्हणून. मग विजार किंचित वर धरून, पोराला धक्का लागू नये अशा बेताने, त्याने दाराकडून आत सुमेधला ओलांडलं. पलीकडे पाय टेकल्यावर तो थोडा थांबला, जणू काही होतंय का ते बघतोय. मी पटकन तोंड फिरवलं आणि नळ सोडला. याबद्दल आम्ही दोघं पुन्हा कधीही बोललो नाही. सासूबाई हयात होत्या, त्यांनाही मी सांगितलं नाही. त्यांनी ते आयुष्यभर मिरवलं असतं.

सुमेध वाढला. बारावीला माझ्या कानापर्यंत आला, मग माझ्याएवढा झाला आणि थांबला. खाण तशी माती. शिकला, नोकरीला लागला, लग्नाच्या वेळी दोन घरांतून उंचीवरून नकार आला, तिसऱ्या घरातली सून आमची झाली. आमची काळजी मात्र जागा बदलत राहिली. आधी उंची, मग नोकरी, मग लग्न. आता मला कळतं की काळजीला दोघं लागतात. एकाने करायची आणि दुसऱ्याने 'होईल गो' म्हणायचं. मला वाटायचं काळजी मी एकटीच करते आहे. खरं तर ती मला करता यायची, कारण ते दोन शब्द म्हणायला कुणीतरी घरात बसलेलं होतं. आता मी रात्रंदिवस कशाकशाची काळजी करते आणि ती पुढे जातच नाही, भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत येते.

गेल्या रविवारी सुमेधचा फोन आला. त्याची ओवी पहिलीत आहे आणि वर्गात सगळ्यांत लहान दिसते. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो एकदम म्हणाला, "आई, मला झोप लागत नाही गं तिच्या उंचीच्या विचाराने. बाबा कसे राहायचे इतके निवांत? मला नाही जमत." 'वाढेल रे' हे शब्द माझ्या ओठांवर आले, पण ते माझे नव्हतेच, बाहेर पडेनात. मग मी त्याला घाटातलं बोलणं सांगितलं. त्या संध्याकाळी पडवीत मी काय पाहिलं तेही सांगितलं. वाटलं, तो हसेल.

तो म्हणाला, "आई, मी जागा होतो."

"म्हणजे?"

"डोळे किलकिले करून बघत होतो. बाबा चपला काढून माझ्यावरून पलीकडे गेले. मला हसायला येत होतं. आजीची ती गोष्ट शाळेत सगळ्यांना माहीत होती ना. पण हललो असतो तर बाबांना ओशाळल्यासारखं झालं असतं. तोपर्यंत मला वाटायचं, तुझाच जीव टांगणीला लागलाय, बाबांना माझं काहीच नाही. त्या दिवशी कळलं... म्हणून पडून राहिलो."

मागून ओवीने हाक मारली, त्याला जावं लागलं. आम्ही तिघं इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो, तिघांना ते ठाऊक होतं, आणि तिघांनी एकमेकांना सांभाळण्यासाठी ते गिळून टाकलं. त्यातला ज्याला सगळ्यांत जास्त कळायला हवं होतं, तो, पोराने ते पाहिलं होतं हे न कळताच गेला. याचं मला फार वाईट वाटतं, इतकं वाईट की कुणाला सांगता येत नाही.

सुमेधचा फोन नेहमी मीच घ्यायची. भास्कर आतल्या खोलीत कॉटवर पडून ऐकत असायचा आणि मी फोन ठेवला की आतूनच विचारायचा, "काय म्हणतोय?" त्या रविवारीही मी फोन ठेवला आणि सवयीने थांबले. दार उघडं होतं, कॉटवरची चादर मी सकाळी घातली तशीच सपाट होती. आतून काही आवाज आला नाही. मग मी दारात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, "अहो, तो जागा होता."